पाण्यात फुललेला जांभळा आकडा

काकांच्या तिकिटांच्या अल्बममधले फ्रान्सचे १५ सांतीमचे ते हिरवट तिकीट मी चिमट्याने पाण्यात सोडले तेव्हा त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा होता. फिकट, राखाडी, तिरपे धरले तर जरासा चकाकणारा. काकांच्याही आधीच्या कुणा मालकाने कॅटलॉगमधला क्रमांक लिहून ठेवला असणार. वरवरचा भाग मऊ खोडरबराने गेला होता. कागद भिजल्यावर उरलेलाही सुटेल, असे मला वाटले. बशीत आणखी आठ तिकिटे होती. मी टिपकागद आणायला उठले आणि परत येऊन पाहते तर राखाडी आकडा गडद जांभळा झालेला, आणि त्याच्याभोवती रंग धुरासारखा पाण्यात पसरत चाललेला.

ती कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर अ‍ॅनिलिन रंग मिसळलेला असतो, बहुतेक वेळा मिथिल व्हायोलेट. कोरडी असते तोवर साध्या पेन्सिलीसारखी दिसते, ओल लागली की शाई होते आणि धाग्याधाग्यात शिरते. १८७० च्या दशकात या पेन्सिली आल्या आणि बॉलपेन रुळेपर्यंत कचेऱ्यांत, टपालघरांत, हिशेबाच्या वह्यांवर चालत राहिल्या. लिहिलेले कुणाला खोडता येऊ नये हाच त्यांचा उपयोग. हे सगळे मला माहीत होते. त्या आकड्याची चकाकी पाहून मला थांबायला हवे होते, आणि मी थांबले नाही.

नऊही तिकिटे लगेच बाहेर काढली. तीन तिकिटांच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर फिकट जांभळी झाक उतरलीच होती. स्वच्छ पाण्याच्या दोन बश्या बदलल्यावर त्यांतल्या दोघांची झाक गेली, तिसऱ्याची आजही दिसते. फ्रान्सच्या तिकिटावर मी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा प्रयोग केला. मिथिल व्हायोलेट अल्कोहोलात सहज विरघळतो, पण विरघळलेला रंग टिपकागदात जायच्या आधी आजूबाजूच्या कागदातही जातो. अकरा वेळा टिपकागद बदलला. आकडा वाचता येईनासा झाला, मात्र त्याच्या जागी जांभळट ढग राहिला आणि पुढच्या बाजूला, पेरणाऱ्या बाईच्या घोळदार वस्त्रापाशी, तो आरपार दिसतो. १९०३ सालचे हे तिकीट. ऑस्कर रोटी यांनी नाण्यासाठी घडवलेली धान्य पेरणारी बाई त्यावर आहे, मागे बारीक आडव्या रेघा. फार दुर्मीळ नाही. पण काकांनी मला चिमटा कसा धरायचा हे शिकवले ते याच पानावर, म्हणून ते मला मोलाचे आहे.

तेव्हापासून मी तिकिटावरच्या शाईकडे फार वेगळ्या नजरेने बघते. शाई कशी काढायची हे मला पुष्कळजण विचारतात, आणि मी आधी उलट विचारते: ती कुठली शाई आहे, आणि तिकीट कशावर, कसे छापलेले आहे? या दोन गोष्टी ठाऊक नसताना केलेला प्रत्येक उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

तिकिटाच्या बाजूने सुरुवात करते, कारण ती लोक विसरतात. पहिले तिकीट निघाले त्या वर्षापासून टपालखात्यांची एकच काळजी होती: लोक शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरतील. ६ मे १८४० पासून चालू झालेल्या ब्रिटनच्या पेनी ब्लॅक या पहिल्या तिकिटावर लाल शाईचा, माल्टीज क्रॉसच्या आकाराचा शिक्का मारत. काळ्या तिकिटावर लाल शिक्का, आणि तो लोकांना काढता येऊ लागला. १८४१ च्या सुरुवातीला उलटापालट झाली, तिकीट तांबडे आणि शिक्का काळा. पुढची साठ-सत्तर वर्षे हीच झटापट चालली. अमेरिकेने १८६७ पासून काही वर्षे तिकिटांवर बारीक टोचण्यांची जाळी दाबली, कागदाचे धागे तुटावेत आणि शिक्क्याची शाई खोल शिरावी म्हणून. ब्रिटनने १८८३-८४ मध्ये जांभळट आणि हिरव्या रंगांची मालिका काढली ती पाण्यातही उतरेल अशा कच्च्या शाईत. ऑस्ट्रियाने १९०१ मध्ये तिकिटांवर वार्निशचे चकाकते पट्टे ओढले. रशियाने १९०९ पासून खडूची तिरप्या चौकटींची जाळी छापली.

म्हणजे ज्या तिकिटावरची शाई आपण काढायला बघतो, ते तिकीट मुळात शाई काढणाऱ्याला पकडण्यासाठीच बनवलेले असू शकते. १८८३-८४ च्या त्या हिरव्या तिकिटांना नुसते पाणी लागले तरी हिरवा फिका पडतो, आणि एकदा गेलेला तो रंग परत येत नाही. खडूचा थर दिलेल्या कागदाचेही तसेच. ब्रिटनच्या सातव्या एडवर्डच्या तिकिटांत १९०५ पासून असा कागद येतो. ओला असताना बोट फिरले तर चित्र थरासकट निघून येते. खडूचा कागद ओळखायला जुने लोक कडेला चांदीचा तुकडा घासून बघत. चांदीने शिशासारखी काळी रेघ उमटली तर खडू आहे. मी हे करत नाही, कारण ती रेघही एक डागच आहे. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिले की खडूच्या कागदाची गुळगुळीत, किंचित चमकती पृष्ठभागाची झाक कळते.

कोरीव पत्र्यावरून छापलेली तिकिटे, ज्यांत रेघ बोटाला किंचित उठून लागते, ती सगळ्यांत सोसणारी. त्यांची शाई तेलात घोटलेल्या रंगद्रव्याची असते आणि सुकल्यावर सहसा हलत नाही. फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे छायाचित्राच्या तंत्राने कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईच्या तिकिटांशी मात्र जपून वागावे लागते. त्यांची छपाईची शाईच अशी पातळ, चटकन उडणाऱ्या द्रवांत कालवलेली असते की जलचिन्ह बघायला वापरतात त्या बेन्झिननेही काहींचा रंग ओघळतो. आणि मागे मूळ गोंद शाबूत असलेले न वापरलेले तिकीट असेल तर माझे उत्तर ठरलेले आहे: काहीही करू नका. पाण्याचा एक थेंबसुद्धा गोंदावर कायमचा वण ठेवतो, आणि संग्राहकांच्या लेखी तो वण शाईच्या टिपक्यापेक्षा मोठा दोष.

आता बॉलपेन. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त बॉलपेनचे असतात, आणि माझ्या हातून झालेली घाणही बॉलपेनचीच. सहा-सात वर्षांची असताना, आपल्याकडे जोडी असलेली तिकिटे मोजायला म्हणून मी काकांच्या अल्बममध्ये निळ्या बॉलपेनने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. सहा तिकिटांवर. काकांनी पान मिटले, माझ्या हातातला पेन घेतला आणि त्या जागी चिमटा दिला. एक अक्षर बोलले नाहीत. त्या सहा खुणा काढायला मी मधली पस्तीस वर्षे धजले नव्हते.

बॉलपेनची शाई म्हणजे तेलकट, घट्ट द्रवात विरघळवलेला रंग. पाण्याने ती हलत नाही, म्हणून पाणी लावून चोळणारे फक्त कागद चोळत असतात. अल्कोहोलात ती विरघळते. अडचण विरघळण्याची नाहीच. विरघळलेली शाई जाणार कुठे, हा खरा प्रश्न आहे. कापसाची काडी अल्कोहोलात बुडवून खुणेवर फिरवली की शाई रेघेतून सुटते, शेजारच्या धाग्यांत पसरते आणि एका बारीक रेघेचा नखाएवढा निळा डाग होतो. शिवाय घासल्याने कागदाचा पापुद्रा उठतो, आणि तिथे पुढे धूळ बसून काळपटपणा येतो.

मी जे करते ते असे. तिकीट आधी साध्या पाण्यात भिजवत नाही, कोरडेच ठेवते. जाड पांढऱ्या टिपकागदावर ते पालथे ठेवते, म्हणजे खूण खाली, टिपकागदाला चिकटून. मग बारीक कुंचल्याने पाठीकडून, खुणेच्या बरोबर मागे, अल्कोहोलचा एक थेंब. थेंब कागदातून खाली उतरतो आणि जाताना शाईला घेऊन टिपकागदात जातो. वर दुसरा टिपकागद ठेवून बोटाने नुसते दाबायचे, सरकवायचे नाही. दहा-पंधरा सेकंदांनी तिकीट उचलून टिपकागदाच्या कोऱ्या जागेवर ठेवायचे. खाली निळा ठसा उमटलेला असतो. पुन्हा थेंब, पुन्हा कोरी जागा. पहिले तीन-चार ठसे गडद येतात, मग फिके होत जातात. ठसा येईनासा झाला की थांबायचे, तिकिटावर थोडे दिसत असले तरी. तिथून पुढे जे उरते ते धाग्यात रुतलेले असते आणि त्यामागे लागले की तिकिटाचे हाल सुरू होतात.

अल्कोहोल सुकताना ओल्या भागाच्या कडेला तपकिरी वळे सोडतो. ती शाई नसते, कागदातला जुना मळ वाहत जाऊन कडेला साचलेला असतो. तिकीट पाणी सोसणारे असेल तर शेवटी ते ऊर्ध्वपातित पाण्यात पंधरा-वीस मिनिटे पूर्ण बुडवून ठेवले की ते वळे विरते. बाहेर काढताना चिमट्याच्या टोकांत धरून लोंबकळवू नये. भिजलेल्या कागदाची ताकद फार कमी झालेली असते, कडेच्या कातरीचा एखादा दाता सहज निघून हातात येतो. पाण्याखाली सपाट प्लास्टिकची पट्टी सरकवून तिच्यावर तिकीट उचलते, मग टिपकागदांच्या घडीत, वर जड पुस्तक, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचे नाही.

हे सगळे आधी त्याच मालिकेच्या, त्याच छपाईच्या जोडीच्या तिकिटावर करून बघितल्याशिवाय मी मूळ तिकिटाला हात लावत नाही. माझ्या सहांपैकी चार स्वीडनची होती, सहावा गुस्ताफ अडॉल्फ, कोरीव छपाई, दोनच बाजूंना दाते. त्याच मालिकेचे एक फाटके तिकीट मी आधी मुद्दाम बॉलपेनने रेघून दोन आठवडे ठेवले होते. ताजी रेघ पटकन निघते आणि खोटा धीर देते, हे लक्षात असू द्या. ती चारही स्वच्छ झाली. पाचव्यावर भिंगातून दिसेल इतकी निळी सावली आहे. सहावे ग्रॅव्ह्युअरचे होते. जोडीच्या तिकिटाच्या कोपऱ्यावर अल्कोहोलचा कुंचला टेकवला तर कुंचल्याला तिकिटाचाच लालसर रंग आला. ती खूण तशीच आहे आणि तशीच राहील.

बाकीच्या शायांबद्दल थोडक्यात. साधी ग्रॅफाइट पेन्सिल मऊ खोडरबराने, एकाच दिशेने, मधून कडेकडे, दात्यांच्या विरुद्ध कधीच नाही. फाउंटन पेनची धुता येणारी निळी शाई गार पाण्यानेच बरीच उतरते. जेल पेनांत अनेकदा रंगद्रव्य असते आणि ते कशात विरघळत नाही, तेव्हा त्याच्या नादी लागू नये. टपालाचा काळा शिक्का तर काजळीचा. कार्बनला पाणी, अल्कोहोल, ब्लीच काही करत नाही, आणि तो काढायचे कारणही मला कळत नाही.

जुनी तपकिरी-काळी दस्तांवरची शाई हे वेगळेच प्रकरण आहे. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागून काळी होते आणि वर्षांनी तपकिरी. तिच्यातले आम्ल आणि लोह कागद खातात. काही तिकिटांवर पेनाची रेघ जिथे गेली तिथे आज बारीक चीर दिसते. ऑक्झॅलिक आम्लाने ही शाई फिकी होते हे खरे आहे आणि जुन्या पुस्तिकांत तो उपाय छापलेलाही असतो. पण ते विषारी आहे, आणि कागदातून पूर्ण धुऊन निघाले नाही तर मागे राहिलेले आम्ल कागद ठिसूळ करत राहते. घरी कुणीही हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्लीचबद्दल तर मला राग आहे. सोडियम हायपोक्लोराइट शाईचा रंग मोडते आणि त्याच वेळी कागदाच्या सेल्युलोजच्या साखळ्याही तोडते. त्या दिवशी तिकीट पांढरे शुभ्र दिसते. काही वर्षांनी ते पिवळे पडते आणि घडीवर तडकते. हायड्रोजन पेरॉक्साइडला मात्र एक रास्त जागा आहे, आणि ती शाईच्या डागाची नाही. शिशाचे रंगद्रव्य असलेली जुनी नारिंगी तिकिटे हवेतल्या गंधकाने काळवंडतात, शिशाचे काळे सल्फाइड होते म्हणून. सौम्य पेरॉक्साइडने त्याचे पांढरे सल्फेट होते आणि नारिंगी पुन्हा दिसू लागतो. एवढ्यावरून ‘पेरॉक्साइडने तिकिटे उजळतात’ अशी समजूत पसरली आणि लोक निरोगी तिकिटे त्यात बुडवू लागले.

यापुढचे लिहिताना माझा आवाज जरा चढेल. काही शाई काढायचीच नसते. पेनाने रद्द केलेले तिकीट हे वापरलेले तिकीट आहे. अमेरिकेच्या १८४७ च्या पहिल्या दोन तिकिटांवर, फ्रँकलिन आणि वॉशिंग्टनवर, पेनाच्या फुल्या सर्रास दिसतात, कारण अनेक टपालमास्तरांनी पेनानेच काम भागवले. ती रेघ त्या टपालमास्तराच्या हाताची आहे. ती धुऊन तिकीट ‘न वापरलेले’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट आज जगात एकच आहे, त्याच्यावर ई. डी. डब्ल्यू. ही आद्याक्षरे आहेत, एडमंड वाइट या कारकुनाची. नक्कल होऊ नये म्हणून टपालघरात तिकिटावर सही करायची असा नियम होता. मागे नंतरच्या मालकांच्या खुणा आहेत, त्यांतल्या स्टुअर्ट वाइट्समन या पादत्राणांच्या आरेखकाने तर उंच टाचेचा बूट काढून ठेवला आहे. इतकी शाई अंगावर घेऊन ते तिकीट जगातले सगळ्यांत प्रसिद्ध तिकीट आहे.

मला स्वतःला धुतलेले तिकीट विकले गेले आहे. एका विक्रेत्याकडून मी वसाहतकाळातले एक मोठ्या दर्शनी किमतीचे तिकीट घेतले, टपाल आणि महसूल दोन्हींना चालणारे. शिक्का सुबक, कोपऱ्यात, वाचता येणारा. घरी आल्यावर अतिनील टॉर्चखाली ठेवले. मध्यभागी, आडवी, एक गडद सावली उमटली. मायफळाची शाई डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी अतिनील प्रकाश शोषत राहते, पुसलेली हस्तलिखिते याच रीतीने वाचतात. कुणीतरी दस्तावर वापरलेल्या तिकिटावरची सही काढली होती आणि वर खोटा टपाल शिक्का मारला होता. सावलीच्या कडेला निळसर झळाळीही होती, साबणाच्या भुकटीतल्या उजळकाची असते तशी. मी तिकीट परत केले. पैसे मिळाले, पण पुसलेली सही परत येणार नव्हती. तिच्यावरून कुणाचा तरी दस्त, एखादी तारीख कळू शकली असती.

या धंद्यात सगळ्यांत वाकबगार होता तो नकली तिकिटे करणारा ज्याँ द स्पेराती. त्याने उलटे केले. स्वस्त, खऱ्या तिकिटावरचे चित्रच रसायनांनी उतरवायचे आणि शिक्का, कागद, जलचिन्ह तसेच ठेवून वर महागड्या तिकिटाची नक्कल छापायची. ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने १९५४ मध्ये त्याचा साठा विकत घेतला तो या नकला थांबाव्यात म्हणून. त्याची कारागिरी थक्क करणारी आहे हे मान्य करूनही मला त्या प्रत्येक तिकिटाखाली मेलेले खरे तिकीट आठवते.

फ्रान्सच्या त्या तिकिटानंतर मी काकांच्या अल्बममधली पाठीवर पेन्सिलीचे आकडे असलेली तिकिटे वेगळी काढली. एकूण एकेचाळीस निघाली. प्रत्येकाची चाचणी केली ती अशी: शिवणाची सुई पाण्यात बुडवून झटकायची, टोकावर दिसेल न दिसेल एवढीच ओल ठेवायची आणि आकड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला टेकवायची. मग भिंग. साधी पेन्सिल असेल तर काही होत नाही. कॉपिंग पेन्सिल असेल तर सुईच्या अग्राएवढा जांभळा ठिपका उमटतो आणि लगेच टिपकागद दाबला की तिथेच थांबतो. तीस तिकिटे साधी निघाली. अकरांवर ठिपका आला, आणि अकराही तिकिटांवरचे आकडे एकाच हातचे आहेत, सातचा शेंडा मागे वळवणाऱ्या. त्यांवर मी खोडरबरही लावले नाही, कारण भुकटी उडून दमट दिवशी शेजारच्या तिकिटावर रंगू शकते. ती अकरा आता वेगळ्या पानावर आहेत, मध्ये पारदर्शक पट्ट्या, आणि पानाच्या कडेला साध्या पेन्सिलीने मी लिहिले आहे: पाठीवर कॉपिंग पेन्सिल, पाण्यात घालू नये. बारावी जागा त्या हिरवट तिकिटाची. त्याच्याखाली काय केले, कधी केले आणि किती उरले तेही लिहिले आहे.